तिसरं कडवं

"पाय थांबवू नकोस. पाय थांबले की माझं कडवं तुटतं."

कित्येक वर्षांपूर्वी मधलीच्या कानात शिरलेला हा आवाज अजून बाहेर पडायचं नाव घेत नव्हता. दुकानाची फळी अर्धी ओढलेली, पायमशीनवर कुणाच्या तरी कोटाचं अस्तर, आणि कापडाच्या गठ्ठ्यावर मांडी घालून बसलेला तिचा नवरा. जंगलात आगीवर नजर ठेवणारा माणूस. अंगाला कायम धुराचा वास. त्याला बसल्या जागी गाता येत नसे. जंगलातल्या वाटेवर चालताना शिकलेलं गाणं चालतानाच ओठांवर यायचं, आणि हिला तर त्या वाटेवर न्यायची सोय नव्हती. मग त्यानं युक्ती काढली. हिनं मशीन मारायची आणि त्यानं पेडलच्या ठेक्यावर गायचं.

"तुझे पाय चालतायत ना? बस. एवढी वाट पुरे मला."

*वाट सरली म्हणून माघारी नको फिरू...*

तिथून पुढच्या ओळी तिनं अस्तराच्या टिपेबरोबर मनात शिवून घेतल्या. पाठ झाल्यावर तो म्हणाला होता, "मात्र कुणी विचारल्याशिवाय देऊ नकोस हं. न मागता हातात ठेवलं, तर कुठंतरी ठेवून विसरून जातील."

"आणि कुणी विचारलंच नाही तर?"

तो हसला होता. "चौघांची वाट आहे ती. न विचारून जातील कुठं?"

कुठंच गेले नाहीत. तोच गेला. त्याच्यामागे वाट झऱ्याच्या वर जाऊन जी थांबली, ती तिथंच. आणि मधलीला कुणी विचारलं नाही.

ताईच्या रोपवाटिकेत आल्यागेल्याला बसायला खुर्ची मिळत नसे, काम मिळत असे. आजही तिनं भावंडांपुढे मातीचा ढीग ओतला, शेणखत कालवलं, आणि प्रत्येकाच्या मांडीवर काळ्या पिशव्यांची चळत टाकली.

"बोलायचंय ना? बोला की. पण पिशव्या भरत बोला. नुसते हात असले की तुमची तोंडं फार चालतात."

पत्र्याच्या शेडमध्ये दुपारचं ऊन पट्ट्यापट्ट्यानं उतरलं होतं. उपड्या क्रेटवर दादा बसले होते, सगळ्यांत थोरले, आरागिरणीचे मालक. आयुष्य करवतीच्या आवाजावरून बोलण्यात गेलेलं, त्यामुळे साधं 'हं' म्हटलं तरी शेजारच्याचा हात हलायचा. त्यांच्या पलीकडे धाकटा. गावच्या वनसमितीचा अध्यक्ष झाल्यापासून घरात त्याला सभापतीच म्हणत. जेवताना मीठ हवं असलं तरी तो सूचना मांडतो, असं त्याची बायकोच सांगत सुटली होती. आणि समोर, खाली मातीत फतकल मारून, मांडीवर नकाशा घेतलेली दादांची मुलगी. ती वनखात्याच्या कचेरीत आराखडे करायची. तिलाही घरात चिडवायचं नाव होतं: साहेब.

मधली कडेला बसली होती. ती नेहमी कडेलाच बसायची आणि तिच्या पिशव्या मात्र सगळ्यांआधी भरून व्हायच्या.

"उद्या आराखडा बंद होतोय," साहेब म्हणाली. "दहा वर्षं मग त्याला हात लावता येणार नाही. झऱ्याच्या वरची सगळी उतरण तोडीला लागलीय. शेरा काय, तर वय झालेली, वाढ थांबलेली झाडं."

"लिहिणाराचं वय काय गं?" ताईनं विचारलं.

"आत्या, ऐक तरी. यंदा पहिल्यांदाच वरून सांगणं आलंय, की जंगलाच्या कडेनं पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या लोकांची रीत विचारा आणि आराखड्यात घ्या. मी आपल्या घराचं नाव दिलं. आईझाडं कुठं आहेत ते दाखवा. जेवढी दाखवाल तेवढी राखीव. बाकीची जातील."

आईझाडं म्हणजे ज्यांच्या बीवर ही उतरण उभी होती ती जुनी झाडं. ताईची रोपवाटिकाही एकेकाळी त्याच बीवर चालायची. आता ती रस्त्याकडेच्या झाडांचं बी गोळा करी. ते उगवायचं, दोन पानं दाखवायचं, आणि पहिल्या कडक उन्हाळ्यात मान टाकायचं.

झाडं आहेत हे सगळ्यांना माहीत होतं आणि तिथं जायची वाट कुणालाच माहीत नव्हती, याला कारण आप्पा, या भावंडांचे वडील. त्यांच्या सख्ख्या चुलतभावानं एका ठेकेदाराला थेट झाडांपाशी नेऊन उभं केलं होतं. त्या वर्षी अर्धी आईझाडं गेली. आप्पांनी कुणाशी भांडण केलं नाही. त्यांनी वाटेचं गाणं घेतलं आणि त्याचे चार तुकडे केले. चार पोरांना चार कडवी. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. वर जायचं तर चौघांनी मिळून जायचं. ज्याचं कडवं त्यानं पुढे व्हायचं, गात चालायचं. ते संपलं की मागच्या सगळ्यांनी हाक द्यायची, "पुढे कोण?" आणि पुढच्या कडव्याच्या धन्यानं पुढे यायचं. एक जण जरी रुसला, एकानं जरी हाक दिली नाही, तरी सगळे परत घरी. घरात अबोला असला की त्या वर्षी जंगलात पाऊल पडत नसे. आप्पा म्हणायचे, तेवढीच झाडांना विश्रांती.

पहिलं दादांचं:

*पाणी येतं खाली, आपण जावं वर,*
*पाण्याच्या माहेरी पहिलं बिऱ्हाड कर.*

दुसरं ताईचं:

*झऱ्याला पाठ दे, उन्हाला दे गाल,*
*डावा गाल तापेल तेव्हा सरळ सरळ चाल.*

तिसरं मधल्याचं, म्हणजे मधलीच्या नवऱ्याचं. चौथं, परतीचं, धाकट्याचं. त्यात मुठीतलं बी वाटेवर सांडत यायचं असतं.

मधला गेला तेव्हा भेटायला आलेली माणसं पांगल्यावर चौघांतले उरलेले तिघे एका खोलीत बसले होते. तुला सांगितलं का? तुला? त्याला ना मूल ना बाळ. ताईनं कपाळावर हात मारून घेतला होता. "कडवं बरोबर नेलं गं त्यानं!" त्या वेळी मधली त्याच खोलीत चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिच्याकडे कुणी वळलं नाही. ट्रेमधले कप तेवढे वाजले.

"मी एक सूचना मांडतो," सभापती म्हणाला.

"मांड बाबा," ताई म्हणाली, "तुझी सूचना ऐकल्याशिवाय माती काही ओली होत नाही."

"खाणीच्या अंगाला मोठी झाडं आहेत. आपण तिथं टिंबं घालू. ही आमची आईझाडं, म्हणून सांगू. कोण बघायला जातंय?"

"त्या खाणीचं तुला फारच प्रेम," साहेब म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. मागे एकदा सभापतीनं स्वतःच्या अकलेनं तिसरं कडवं रचलं होतं:

*दगडावर दगड, दगडाखाली वाट,*
*सरळ सरळ गेलं की लागतो मोठा घाट.*

ते गात सगळी वरात त्याच्यामागून निघाली, दिवसभर काट्यांत भरकटली आणि उतरत्या उन्हात खाणीच्या रस्त्यावर बाहेर पडली. एका खडीच्या ट्रकवाल्यानं त्यांना घरी आणून सोडलं होतं.

"हसा," सभापती म्हणाला. "पण कडवं माझं असलं तरी झाडं खरी आहेत तिथं. काहीच न वाचण्यापेक्षा तेवढी तरी वाचतील."

"बरोबर बोलतोय तो," दादा म्हणाले.

ताईनं हातातली पिशवी खाली ठेवली. "तुला बरं ते बरोबर वाटलं! उतरणीवरची तुझ्याकडे चिरायला येतील ना? आऱ्याला भूक लागलीय, सरळ सांग की."

"लागलीय." दादांनी मान वर केली. "गिरणीवर चार घरं जेवतात. दात बसलेत आऱ्याचे, महिनोन्महिने फळी नाही. लाज कशाची त्यात? आणि झाडं म्हातारी झालीतच. आज ना उद्या आडवी होणार."

"तूही झालास की म्हातारा. तुला आडवं केलं का कुणी?"

"ताई!"

"बाबा, आत्या, थांबा जरा." साहेबानं नकाशावर दोन्ही हात पसरले, जणू तो उडून जाणार होता. "काका म्हणतोय ते खोटं आहे हे मलाही कळतं. पण माझ्यापुढे दोनच गोष्टी आहेत. रिकामं पान, नाहीतर खोटी टिंबं. रिकामं पान दिलं तर पुढच्या वेळी म्हणतील, विचारलं होतं, त्यांच्याकडे काही नव्हतं. आत्या, तूच सांग. रिकामं देऊ?"

ताई मातीतले खडे वेचत राहिली. मधली तिच्याकडे बघत होती. ताई नाही म्हणणार, याची तिला खात्री होती. सगळं घर वाकलं तरी ताई वाकत नसे.

"घाल मग," ताई म्हणाली. "खाणीकडे घाल."

मधलीनं पुढची पिशवी उचललीच नाही. बोलावं? पण काय बोलावं? ते कडवं तिनं मनातल्या मनात हजारदा उसवून पाहिलं होतं. दादांच्या कडव्यात झरा होता, ताईच्या कडव्यात ऊन होतं. नवऱ्यानं दिलेल्या ओळींत दगड नाही, ओढा नाही, डावं-उजवं नाही. मापं न लिहिता दिलेला कपडा. तिला तर कधी कधी वाटायचं, त्यानं तिचं मन राखायला अर्धंच दिलं. खरं, वाटेचं, स्वतःपाशी ठेवलं. इतक्या वर्षांनी तोंड उघडायचं आणि सगळ्यांनी म्हणायचं, अगं, यात वाट कुठाय?

"मधले," दादा म्हणाले, "चहाचं बघतेस का जरा? घसा कोरडा पडला."

ती हात झटकून उठली. शेडच्या कोपऱ्यात शेगडी होती. तिनं आधण ठेवलं. पाठीमागे साहेब ताईला विचारत होती, "आत्या, तू लहानपणी आप्पांबरोबर पुष्कळदा गेलीस ना? कुठल्या अंगाला, एवढं तरी आठवतं?"

"तेच तर! आठवतं, पण काही उपयोगाचं नाही. माझं कडवं संपलं की पुढे आप्पा हाताखाली मधल्याला घेत. आणि ते तिथं बसूनच राहत. आम्ही पोरं कंटाळायचो. आप्पा आपले मान वर करून आभाळाकडे बघताहेत, बघताहेत. मग एकदम उठायचे. एका वर्षी डावीकडं नेलं. पुढच्या वर्षी पार खालच्या अंगाला. एकदा तर जिथून आलो तिथंच मागे. मला वाटायचं, म्हातारा आम्हाला चकवतोय. पुढे मधल्यानंही तीच तऱ्हा केली."

"आणि कडवं?"

"कडवं तेच. लांबून ऐकू यायचं ना! शब्द नाही कळायचे, चाल कळायची. दरवर्षी तीच."

"तेच कडवं आणि जागा वेगळी?" साहेबाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "असं कसं होईल?"

"लहरी होता म्हातारा," दादा म्हणाले.

मधलीच्या हातात साखरेचा डबा होता, तो तसाच राहिला. आभाळाकडे. तिच्या ओळींत पाखरं होती. इतकी वर्षं ती त्या ओळींत जागा शोधत होती, आणि त्यांत जागा ठेवलेलीच नव्हती. त्यांत वेळ होती. त्यानं काही काढून घेतलं नव्हतं. होतं तेवढं सगळं दिलं होतं. तिनंच ते उलटं धरलं होतं, सुलट्या कापडाकडे अस्तराच्या बाजूनं बघावं तसं.

आणि टिंबं? एकदा टिंबं घातली की टिंबांबाहेरचं सगळं तोडीला मोकळं. यंदा ज्या झाडावर पाखरं उतरणार तेही, आणि पुढच्या वर्षीचंही. आधण उतू गेलं, शेगडीवर फस्स झालं.

"मला विचारा," ती म्हणाली.

"काय विचारा?" दादा म्हणाले. "चहा झाला का? झालेला दिसतोय, जमिनीवर."

सभापती हसला. मधलीनं शेगडी बंद केली आणि वळली. तिचा आवाज बारीक होता. गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टेप धरताना असायचा तेवढाच. "ते नाही. झऱ्याच्या वर उभं राहून एकमेकांना विचारता, ते मला विचारा."

ताईच्या हातातली भरलेली पिशवी कलंडली आणि माती तिच्या पायांवर सांडली.

"तुला... सांगितलं त्यानं?"

"हो."

"तुला कसं सांगेल?" दादा उठून उभे राहिले. "आप्पांचा दंडक होता. रक्ताच्या माणसाला."

"दादा, आप्पा 'आपल्या माणसाला' म्हणाले होते. रक्ताचं तुम्ही सगळ्यांनी मागाहून जोडलंत. ह्यांना विचारलं होतं मी, दहादा विचारलं. ह्यांचं माणूस मी होते."

"आणि इतकी वर्षं तोंड शिवून बसलीस?"

"धंदाच आहे तो माझा."

हे बोलून तिची तिलाच लाज वाटली, पण साहेब फिसकन हसली आणि त्यानं मधलीला धीर आला. "विचारलं का कुणी? ह्यांना जाऊन आठ दिवस झाले नव्हते. तुम्ही तिघं बसला होतात, आणि मी ट्रे घेऊन तिथंच उभी होते, ताई. तुमच्या हाताला लागेल एवढी जवळ. एकमेकांना विचारलंत, भिंतीला विचारलंत. मी वाट बघत होते. न विचारता देऊ नकोस, असं त्यांचं सांगणं होतं. नंतर मग माझाही हट्ट झाला. आणि नंतर भीती, की यात काहीच नाही."

ताईनं डोळे पुसायला हात उचलला, तो मातीचा निघाला, म्हणून दंडानं पुसले. "मी तुला साखर कमी पडली म्हणाले होते त्या दिवशी," ती म्हणाली. "एवढंच बोलले होते तुझ्याशी."

"कमीच होती," मधली म्हणाली.

मग ती साहेबासमोर उकिडवी बसली. "तू सांग. मी कडवं दिलं तर नकाशावर टिंब घालशील?"

"जागा असेल तर घालावंच लागेल, काकू."

"आणि जागा नसेलच तर? दरवर्षी वेगळी असेल तर?"

साहेबानं पेन्सिल कानामागे खोचली. ती विचार करत असली की दादांसारखीच दिसायची. "मग टिंब घालता येणार नाही. मग अख्खी उतरण राखीव मागावी लागेल, आणि झाडांऐवजी रीत लिहावी लागेल. कधी जायचं, कसं जायचं, काय घ्यायचं नाही. मोठे साहेब म्हणतील, आराखड्यात गाणं कुठं बसवायचं? सोपं नाही ते. भांडावं लागेल. कदाचित हरेनही."

"भांडशील?"

"आत्याची भाची आहे मी."

"मी समितीतर्फे..." सभापतीनं सुरुवात केली आणि मध्येच थांबला. "मी येईन तुझ्याबरोबर," तो साध्या माणसासारखा म्हणाला. "खाणीचं राहू दे."

आता सगळे दादांकडे बघू लागले. ते शेडच्या दाराशी जाऊन पाठमोरे उभे होते. बाहेर रोपांच्या ओळींवर कुणीतरी नळीनं पाणी मारत होतं.

"आणि गिरणी?" त्यांनी न वळताच विचारलं.

मधलीच्या दुकानात कित्येकदा दादांच्या कामगारांच्या बायका उसवलेलं घेऊन यायच्या. ती घरं तिला ठाऊक होती.

"वाऱ्यानं पडतील ती तुझ्याकडे येतील," ताई म्हणाली. "पडलेलं उचलायला आप्पांनी कधी अडवलं? फार नसतील, दादा. खोटं कशाला सांगू? पण येतील."

दादा पाठमोरेच राहिले. ताईनं एक क्षण त्यांची वाट पाहिली. मग ती मधलीकडे वळली, पाठ ताठ केली, आणि मातीच्या ढिगाआडून, जणू झऱ्याच्या वरच उभी आहे अशी, तिनं हाक दिली:

"पुढे कोण?"

सभापतीनं घसा साफ केला. "पुढे कोण?"

साहेबाला या हाकेचा हक्क होता की नाही कोण जाणे. तिनं हळूच ओठ हलवले.

मधली दादांच्या पाठीकडे बघू लागली. एकानं जरी हाक दिली नाही, तरी परत घरी. तिला तो नियम त्यांच्याइतकाच पाठ होता. बाहेरची नळी बंद झाली. दादांनी तळहातावरची माती एकदा पाहिली, पँटला पुसली. तिला वाटलं, आता हे बाहेर पडणार, चपला घालणार.

ते वळले. करवतीवरून बोलायची सवय असलेला तो आवाज पत्र्याला जाऊन धडकला.

"पुढे कोण?"

मधली उठली आणि दादांच्या रिकाम्या क्रेटवर जाऊन बसली. तिचे पाय आपोआप मातीवर टेकले आणि चालू झाले. टाच, चवडा, टाच, चवडा, खाली मशीन असल्यासारखे. कडवं तुटू नये म्हणून तिनं पाय थांबवले नाहीत. आणि ती गायला लागली:

*वाट सरली म्हणून माघारी नको फिरू,*
*आधी जेवू दे पाखरं, मग ओंजळ भरू.*
*पाखरांचा थवा जिथं, तिथं आई उभी,*
*वाळली म्हणू नको तिला, ती देते अजून बी.*